‘यावा’, ‘येईल’ आणि ‘येतोय म्हणे’ : ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांकडून शिकूया क्रियापदाचे अर्थ



मधल्या सुट्टीत मुलं डबा खाताना काय बोलतात, कधी कान देऊन ऐकलंय? निम्मं बोलणं सिरीयल आणि पिक्चरचं असतं. “त्या अंतराळवाल्या सिरीयलचा पिक्चर येतोय.” “कोण म्हणालं?” “सगळेच म्हणतायत.” “मग त्यात तो जुना कॅप्टन असेल का?” “असणारच! तो नसेल तर बघणार कोण?” तेवढ्यात घंटा होते, आपण वर्गात शिरतो आणि म्हणतो, “पुरे झाल्या गप्पा, व्याकरणाची वही काढा.”

माझं म्हणणं असं, की व्याकरण तर त्या गप्पांतच चाललेलं असतं. ‘येतोय’, ‘असेल’, ‘असणारच’, ‘म्हणतायत’. बातमी कुठली, ऐकीव गोष्ट कुठली, मनातली इच्छा कुठली आणि विचार करून बांधलेली अटकळ कुठली, हे सगळं मराठीत क्रियापद सांगतं. निदान सांगायला हवं. ‘क्रियापदाचे अर्थ’ हा घटक आपण शिकवतो तेव्हा मुलं स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही चार नावं पाठ करतात, कृतिपत्रिकेत ओळखून दाखवतात आणि सुट्टी लागली की विसरतात. या चार नावांचा रोजच्या जगण्याशी काही संबंध असतो हे त्यांना कळतच नाही. म्हणून हा पाठ. दोन तासिका लागतात, साहित्य म्हणजे फळा आणि चिठ्ठ्या.

उदाहरण मात्र मी मुद्दाम जुनं घेते. सध्या चालू असलेल्या मालिकेबद्दल मुलं कितीही तर्क लढवू देत, ते खरे का खोटे हे आज सांगता येत नाही. आपल्याला हवी अशी मालिका, जिचा पिक्चर येईल का, कसा येईल यावर लाखो माणसांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं आणि पुढे काय झालं ते आज पक्कं माहीत आहे. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरं दिलेली असतात ना, तसं. अशी मालिका म्हणजे अमेरिकेतली ‘स्टार ट्रेक’.

आधी थोडी ओळख, कारण वर्गातल्या मुलांना ती नसते. ‘एंटरप्राइझ’ नावाचं अंतराळयान, त्याचा कॅप्टन कर्क, डॉक्टर मॅकॉय, आणि टोकदार कानांचा स्पॉक, जो अर्धा माणूस आणि अर्धा व्हल्कन ग्रहावरचा. स्पॉक भावनेपेक्षा तर्काला मानणारा, त्यामुळे आपल्या पाठाला फारच सोयीचा. मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी. एनबीसी या वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ला पहिला भाग लागला, ३ जून १९६९ ला शेवटचा. एकूण तीन पर्वं, ७९ भाग. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही रविवारी सकाळी ती लागायची. पालकांपैकी काहींना आठवत असेल. (स्पॉकसारखी एकच भुवई वर करून बघण्याचा सराव आमच्या पिढीत बऱ्याच जणांनी आरशासमोर केला आहे.)

वरच्या परिच्छेदातली वाक्यं स्वार्थातली. जे घडलं ते घडलं म्हणून सांगितलं, बस्स. मुलांना इथे फार थांबवू नका. फक्त एक प्रश्न विचारून ठेवा: “हे वाक्य तपासायचं झालं तर कुठे तपासाल?” स्वार्थातल्या वाक्याला हा प्रश्न विचारता आलाच पाहिजे. याचा उपयोग पुढे होणार आहे.

आज्ञार्थही पटकन होतो. १९६७ संपताना बातमी पसरली की मालिका दुसऱ्या पर्वानंतर बंद होणार. ब्यो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्यानं देशभरातल्या चाहत्यांना पत्रं लिहायला लावलं. ‘मालिका बंद करू नका’, ‘आणखी एक पर्व दाखवा’. आज्ञार्थ म्हणजे नुसता हुकूम नसतो. विनंती, आर्जव, प्रार्थना हे सगळं त्यात बसतं, आणि त्याला या पत्रांइतकं चांगलं उदाहरण नाही. वाहिनीच्या मोजणीप्रमाणेच लाखावर पत्रं आली. दहा लाखांचा आकडाही सांगितला जातो. मुलांना विचारा, की दोन आकड्यांत इतका फरक असेल तर कुठला लिहायचा आणि तो कोणाच्या नावावर लिहायचा? १ मार्च १९६८ ला एक भाग संपल्यावर वाहिनीनं चक्क पडद्यावरून जाहीर केलं की मालिका चालू राहील. विनंती मान्य झाली खरी. पण तिसरं पर्व टाकलं शुक्रवारी रात्री दहा वाजता, जेव्हा तरुण मंडळी घरात नसतातच. वर्षभरात मालिका बंद पडली.

आता खरी गंमत सुरू होते. बंद पडलेली मालिका स्थानिक वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा दाखवायला घेतली. ७९ भाग म्हणजे रोज एक दाखवला तरी बरेच दिवस पुरतील इतका साठा. संध्याकाळी शाळा-कॉलेजातून आलेली मुलं ती बघू लागली आणि पहिल्यापेक्षा जास्त चाहते तयार झाले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांचं संमेलन भरलं. आयोजकांना काहीशे माणसं अपेक्षित होती, आली तीन हजारांहून जास्त. आणि जिथे चाहते जमतात तिथे विषय एकच: आता पिक्चर.

इथे आपण पोचतो विध्यर्थावर. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

विध्यर्थाची व्याख्या सांगताना आपण म्हणतो की क्रियापदाच्या रूपावरून कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा, तर्क यांचा बोध होतो. मुलं ही यादी पाठ करतात. पण यादीतल्या शेवटच्या दोन शब्दांकडे नीट बघा. इच्छा आणि तर्क! एक मनातून येते, दुसरा पुराव्यातून. दोन्ही एकाच रूपाच्या घरात राहतात. फळ्यावर एकच वाक्य लिहा:

पिक्चरमध्ये स्पॉक असावा.

आणि वर्गाला विचारा, हे बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे? माझ्या वर्गात दर वर्षी दोन तट पडतात. एक तट म्हणतो, “बाई, त्याला स्पॉक आवडतो, म्हणून तो हवाय.” ‘घराला अंगण असावं’ म्हणतो तसं. दुसरा तट म्हणतो, “नाही बाई, त्यानं काहीतरी वाचलंय, त्यावरून त्याला वाटतंय.” ‘दिवा चालू आहे, म्हणजे घरात कोणीतरी असावं’ म्हणतो तसं. दोन्ही बरोबर. वाक्य तेच, क्रियापद तेच, आणि अर्थाचं एक टोक मनात तर दुसरं जगात. बोलताना स्वरावरून थोडं कळतं. लिहिल्यावर तेही जातं.

मग वेगळं कसं करायचं? मी मुलांना एक साधी युक्ती देते. वाक्यापुढे ‘अशी माझी इच्छा आहे’ लावून बघा, आणि मग ‘असं दिसतं, कारण…’ लावून बघा. दुसरं लावल्यावर ‘कारण’च्या पुढे काही लिहिता आलं तर तो तर्क. तिथे पेन थांबलं तर ती इच्छा. आणि पुढे ‘कारण मला तो खूप आवडतो’ असं आलं तरीही ती इच्छाच, फक्त तर्काचे कपडे घालून आलेली. मुलांना ही युक्ती फार आवडते, कारण ती ताबडतोब एकमेकांवर चालवता येते.

पण कारण लिहिता आलं म्हणजे तर्क चांगला, असंही नाही. यासाठी स्पॉकचीच गोष्ट सांगा. स्पॉकचं काम करणारा नट लेनर्ड निमॉय यानं १९७५ मध्ये एक पुस्तक लिहिलं. नाव ‘आय ॲम नॉट स्पॉक’, म्हणजे ‘मी स्पॉक नाही’. झालं! चाहत्यांत चर्चा उसळली. निमॉयला स्पॉकचा कंटाळा आलाय, तो स्पॉकवर रागावलाय, आता पिक्चर आला तरी तो त्यात नसणार. कारण विचारलं तर तयार होतं: पुस्तकाचं नावच बघा ना! प्रत्यक्षात पुस्तकात स्पॉकबद्दल आपुलकी आहे. नट आणि त्याची भूमिका एकमेकांशी गप्पा मारतात असे संवाद आहेत. नावामुळे इतका गैरसमज झाला की वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यानं दुसरं पुस्तक लिहिलं ते ‘आय ॲम स्पॉक’ या नावानं. मुखपृष्ठ वाचून पुस्तकाबद्दल बोलणारे आणि मथळा वाचून बातमी पुढे पाठवणारे यांत मला तरी फरक दिसत नाही.

गंमत इथे संपत नाही. १९७७ मध्ये पॅरामाउंट या कंपनीनं ‘स्टार ट्रेक : फेज टू’ नावाची नवी मालिका जाहीर केली, तेव्हा निमॉय तिच्यात खरोखरच नव्हता. म्हणजे ‘तो येणार नाही’ म्हणणारे बरोबर ठरले का? उत्तर बरोबर, रीत चूक. त्याची कारणं वेगळी होती. नव्या मालिकेतली भूमिका त्याला पटण्यासारखी नव्हती, शिवाय त्याचा चेहरा वापरून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या पैशांवरून कंपनीशी वाद होता. तो वाद मिटला. २८ मार्च १९७८ ला चित्रपटाची अधिकृत घोषणा झाली तेव्हा निमॉय इतर कलाकारांबरोबर तिथे हजर होता. गणितात आपण रीतीला गुण देतो. भाषेच्या तासालाही द्यायला हवेत: अंदाज खरा ठरला की नाही यापेक्षा तो ज्या कारणावर उभा होता ते कारण त्याचं वजन पेलत होतं का, हे तपासा.

असाच एक प्रश्न वर्गाला द्यायला छान आहे. १९७६ मध्ये नासाचं पहिलं स्पेस शटल तयार झालं. त्याचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठेवायचं ठरलं होतं. चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या काळात ते बदलून ‘एंटरप्राइझ’ झालं. १७ सप्टेंबर १९७६ ला शटल बाहेर काढलं तेव्हा मालिकेतले बरेचसे कलाकार समारंभाला आले होते. आता विचारा: यावरून ‘पिक्चर येणार’ असा तर्क काढता येईल का? मुलं आधी जोरात ‘हो’ म्हणतात. मग कोणीतरी विचारतं, की पिक्चरचा पैसा सरकार देतं की कंपनी? चाहते खूप आहेत, एवढं यावरून म्हणता येतं. कंपनीनं काय ठरवलंय, हे नाही. (ते शटल अंतराळात कधी गेलंच नाही. विमानासारखं हवेत सोडून त्याच्या फक्त चाचण्या घेतल्या गेल्या. हे ऐकून मुलं हळहळतात.)

आता ‘म्हणे’. हा छोटासा शब्द म्हणजे मराठीचं वैभव आहे असं मला वाटतं. ‘पिक्चर येतोय’ आणि ‘पिक्चर येतोय म्हणे’. एका शब्दानं बोलणारा सांगून टाकतो की हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, जबाबदारी माझी नाही. आपल्या आज्या हा शब्द किती काटेकोर वापरायच्या! “शेजारच्यांच्या मुलीचं जमलं म्हणे.” आज होतं काय, की मोबाइलवर पुढे पाठवताना ‘म्हणे’ गळून पडतं. मजकूर येतो तोच ‘येतोय’, ‘ठरलंय’, ‘आहे’ असा. पावसाळ्यात ‘उद्या सर्व शाळांना सुट्टी आहे’ हा निरोप दर वर्षी फिरतो, त्यावर विसंबून मुलं घरी राहतात आणि शाळा भरलेली असते. बघा, त्या निरोपाचं व्याकरण काय? शुद्ध स्वार्थ! अफवा कधी विध्यर्थात येत नाही. ‘सुट्टी असावी’ असा निरोप कोण पुढे पाठवील? म्हणून स्वार्थातलं वाक्य दिसलं की सुरुवातीला ठेवलेला तो प्रश्न: कुठे तपासाल?

उलटंही होतं, आणि ते जरा नाजूक आहे. मी मुलांना घरात ऐकलेली भविष्यकाळातली पाच वाक्यं लिहून आणायला सांगते आणि ती ‘इच्छा’ व ‘तर्क’ अशा दोन रकान्यांत लावायला सांगते. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘आजी बरी होईल.’ आजी दवाखान्यात होती. मुलगी विचारायला आली, “बाई, हे कुठे लिहू?” मी म्हटलं, “डॉक्टर काय म्हणाले?” “सुधारणा आहे म्हणाले, पण वेळ लागेल.” “आणि तुला काय वाटतं?” ती गप्प. मग तिनं तिचं तिनंच ठरवलं. तर्काच्या रकान्यात लिहिलं, ‘आजीला बरं व्हायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले.’ आणि इच्छेच्या रकान्यात, ‘आजी लवकर बरी व्हावी.’ एका वाक्याची दोन झाली. इच्छा पुसून टाका असं हा पाठ म्हणत नाही, हे त्या दिवशी वर्गाला मी न सांगता समजलं. इच्छेच्या रकान्याला कमी गुण नसतात.

दुसऱ्या तासिकेला संकेतार्थ. ‘जर-तर’. चाहत्यांच्या जगात एक वाक्य फार ऐकू येतं: ‘“स्टार वॉर्स” चालला नसता, तर “स्टार ट्रेक”चा पिक्चर आला नसता.’ वरवर पटतं. पण फळ्यावर तारखा मांडा आणि मुलांनाच तपासू द्या.

१९७५ मध्ये रॉडनबेरीनं एक पटकथा लिहिली; पॅरामाउंटनं नाकारली. १९७६ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द टायटन्स’ या चित्रपटावर काम सुरू झालं, फिलिप कॉफमन दिग्दर्शक ठरला. मे १९७७ मध्ये तोही गुंडाळला. आणि त्याच महिन्यात, २५ मे १९७७ ला, ‘स्टार वॉर्स’ लागला आणि तुफान चालला. मग जूनमध्ये पॅरामाउंटनं काय जाहीर केलं? पिक्चर? नाही. आपण पाहिली ती ‘फेज टू’ ही मालिका, कारण कंपनीला स्वतःची नवी वाहिनी काढायची होती. वाहिनीचा बेत बारगळला. तोवर मालिकेची तयारी बरीच पुढे गेली होती, सेट उभे राहत होते, पैसा ओतला गेला होता. नोव्हेंबरमध्ये ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ हा आणखी एक अंतराळपट चालला. आणि मालिकेच्या पहिल्या भागासाठी लिहिलेल्या कथेचाच चित्रपट करायचं ठरलं. रॉबर्ट वाइज दिग्दर्शक. घोषणेच्या वेळी सांगितलेला खर्च दीड कोटी डॉलर. प्रत्यक्षात तो चार कोटींच्या वर गेला. ७ डिसेंबर १९७९ ला ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ पडद्यावर आला. मालिका बंद झाल्यानंतर दहा वर्षांनी.

आता लिहा बघू संकेतार्थातली वाक्यं. नव्या वाहिनीचा बेत पार पडला असता, तर पिक्चरऐवजी मालिकाच आली असती. लोकांनी जुने भाग पाहिले नसते, तर कंपनीनं विचारच केला नसता. तयारीवर पैसा खर्च झाला नसता, तर… मुलं भराभर लिहितात. मग हळूच विचारा, यातलं सिद्ध करता येईल असं कुठलं? वर्ग शांत होतो. संकेतार्थ म्हणजे न घडलेल्या गोष्टीबद्दलचं विधान. ते पटू शकतं, दाखवता येत नाही. ‘“स्टार वॉर्स”मुळे पिक्चर आला’ हे वाक्य आणि ‘“स्टार वॉर्स”नंतर पिक्चर आला’ हे वाक्य यांतला ‘मुळे’ आणि ‘नंतर’ हा फरक आठवीच्या मुलाला कळला, तर इतिहासाच्या शिक्षकांनी आपल्याला चहा पाजायला हरकत नाही.

चाहत्यांच्या पत्रांमुळेच सगळं झालं, असंही काही जण ठामपणे सांगतात. त्यावर दुसरं एक उदाहरण थोडक्यात देते. ‘फायरफ्लाय’ नावाची अंतराळ मालिका २००२ मध्ये फॉक्स वाहिनीवर आली. १४ भाग तयार होते, ११ दाखवून बंद केली. चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं, डीव्हीडी भरपूर विकल्या गेल्या आणि २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट खरोखर आला. इथवर गोष्ट गोड आहे. पण चित्रपटाला सुमारे चार कोटी डॉलर खर्च आला आणि जगभर मिळून तिकीटबारीवर जमलेही साधारण तेवढेच. दुसरा भाग आलाच नाही. आवाज मोठा होता, माणसं तितकी नव्हती. ग्रुपवर शंभर निरोप पडले आणि ते पाठवणारे चार जण निघाले, हा अनुभव पालकसभेच्या तयारीत आपल्यालाही असतोच.

एक शेवटचा धडा उरतो, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पाऊस पडेल की नाही यावर आपण कितीही तर्क केले तरी ढगांना ते ऐकू येत नाहीत. पिक्चर करणाऱ्यांना मात्र ऐकू येतात! दुसरा चित्रपट ‘द रॅथ ऑफ खान’ तयार होत असताना बातमी फुटली की यात स्पॉक मरणार. पटकथेच्या आधीच्या एका मसुद्यात तो सुरुवातीच्या भागातच मरत होता. चाहते चिडले, निषेधाची पत्रं आली. मग दिग्दर्शक निकोलस मेयर आणि निर्माते हार्व बेनेट यांच्या चमूनं काय करावं? मृत्यू शेवटाकडे नेला, आणि अगदी पहिल्याच प्रसंगात स्पॉक मरून पडलेला दाखवला. दोन मिनिटांत कळतं की ती प्रशिक्षणार्थींची नकली लढाई होती, स्पॉक उठून उभा राहतो, कर्क त्याची थट्टाही करतो. बातमी ऐकून आलेल्या प्रेक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला असणार: अच्छा, ती बातमी म्हणजे हे होय! आणि बेसावध झाल्यावर शेवटी स्पॉक खरोखर मरतो.

त्यानंतर आणखी एक फेरी. तयार चित्रपट काही प्रेक्षकांना आधी दाखवला तेव्हा शेवट फार उदास वाटतो असं दिसलं. म्हणून शेवटी नव्या ग्रहावर विसावलेली स्पॉकची शवपेटी दाखवणारं दृश्य घातलं. दिग्दर्शकाला ते पसंत नव्हतं. ४ जून १९८२ ला चित्रपट लागल्याबरोबर त्या दृश्यावरून नवे तर्क: ‘स्पॉक परत येत असावा.’ १९८४ मध्ये ‘द सर्च फॉर स्पॉक’ आला, तोही स्वतः निमॉयनं दिग्दर्शित केलेला. इथे ‘असावा’मध्ये इच्छा किती आणि तर्क किती? मुलांना भांडू द्या. माझ्या मते दोन्ही होते आणि या वेळी ‘कारण’च्या पुढे लिहायला पडद्यावरची ती पेटी होती.

पालकांसाठी दोन शब्द. मूल मोबाइल नाचवत येईल, “आई, ट्रेलर आला!” हल्ली चाहते घरबसल्या इतके हुबेहूब ट्रेलर आणि पोस्टर बनवतात की भलेभले फसतात. ‘काहीतरी खोटं असेल’ म्हणून झिडकारू नका, आणि ‘बरं बरं’ म्हणून सोडूही नका. जवळ बसून बघा आणि विचारा, की हे कोणी टाकलंय? कंपनीच्या स्वतःच्या पानावर आहे का? खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? तारीख काय? शेवटी मुलाला एक वाक्य पूर्ण करायला सांगा: ‘पिक्चर ___.’ येणार आहे, येईल, यावा, येत असावा, की येतोय म्हणे? तेवढं पुरतं. पूर्ण तपासणी दर वेळी करायला गेलात तर मूल पुढच्या वेळी दाखवायलाच येणार नाही.

शिक्षकांनो, चिठ्ठ्यांसाठी वाक्यं या लेखातून सरळ उचला, पण निम्मी वाक्यं मुलांच्या सध्याच्या आवडत्या मालिकेची त्यांच्याकडूनच घ्या. मूल्यमापनासाठी मी ‘अटकळ वही’ ठेवते. एका पानावर एक अटकळ, खाली ‘कारण’, त्याखाली ‘हे चुकीचं ठरलं असं मी कधी मानेन?’ हा तिसरा रकाना भरताना मुलं सगळ्यात जास्त अडतात, तिथे जोडीनं बसवा. वही वार्षिक परीक्षेच्या आधी एकदा उघडून वाचायची. पानावर तारीख घालायला मात्र आठवणीनं सांगा, ती नसली की मार्चमध्ये प्रत्येक जण म्हणतो, “बाई, मी तर आधीच म्हणालो होतो.”